रकाने

सारेमा बेटावरून बोटीनं डबा येतो,
मार्च अर्धा सरला तरी खाडीत बर्फाच्या लाद्या.
झाकणावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं : घाई.

मी तक्ता भरते. वयानुसार रकाने.
मधले भराभर भरतात :
हेलेरीन, वय बारा, बास्केटबॉलच्या संघातली,
खोकून खोकून उलटी, मग श्वास आत ओढताना तो आवाज,
डॉक्टर दारातूनच ओळखतात असा.
तिच्या मागोमाग अख्खा वर्ग.

साठच्या पुढचा रकाना कोरा.
म्हणजे तिथे कुणी खोकत नाही?
खोकतात की. तंबाखू म्हणतात, चुलीचा धूर म्हणतात, वय म्हणतात.
दवाखाना चाळीस किलोमीटर,
आणि नुसत्या खोकल्यासाठी बस कोण धरतं.

हेल्दुर कास्क, एकाहत्तर. चर्चच्या गायकवृंदात खर्जाचा आवाज.
पाच आठवडे झाले, रात्री उठून बसतो,
बायको पाठीवरून हात फिरवते.
नाकातून सळी घालून नमुना घेतला : काही नाही.
इतक्या उशिरा नसतंच काही.
जंतू केव्हाच बिऱ्हाड हलवून गेलेला,
मागं राहिला तो खोकला.
मग रक्त मागवलं.
आकडा इतका चढा
की मी यंत्र पुन्हा चालवलं.

त्याला आम्ही शोधायला गेलो नसतो,
पहिल्या रकान्यात ते एक नाव नसतं तर.
सहा आठवड्यांची. लस तिसऱ्या महिन्यात, अजून लांब.
डांग्या खोकला म्हणतात, पण तिला तो आवाज येतच नाही,
तेवढा श्वास ओढायला छातीत बळ लागतं.
ती नुसती थांबते.
निळी पडते.
आईनं नर्सला सांगितलं : अकरापर्यंत मोजलं, मग रडली.
कोण रडलं, ते नर्सनं लिहिलेलं नाही.

हेल्दुरची नात.
फेब्रुवारीत त्यानं तिला मांडीवर घेऊन गाणं म्हटलं होतं,
तोंडाजवळ तोंड नेऊन.

काल त्याचा फोन आला. "माझ्यामुळं?"
एवढं विचारलं आणि ढास लागली.
मी कानाशी धरून बसले, संपेपर्यंत.
मग म्हटलं, तुम्हाला कुणाकडून आलं
ते आधी शोधते आहे.
हे खरंच होतं. उत्तर मात्र नव्हतं.

पोरगी अजून काचेआड आहे. आज दोनदाच थांबली.

साठच्या पुढे मी एक लिहिला.
गायकवृंदात आणखी सतरा जण आहेत.
उद्या पहिल्या बोटीनं निघायचं,
सळ्या थोड्या,
सुया जास्त.