लागू नसेल ते खोडा

बंदर खात्याच्या अर्जात, सातव्या रकान्यात
छापलेलं आहे : बांधकाम तात्पुरते / कायमस्वरूपी.
खाली बारीक अक्षरात : लागू नसेल ते खोडा.
मी पेन घेऊन बसलोय.

पूर्णगडच्या धक्क्यावरचा चिऱ्याचा जिना
वादळात गेला, त्याला आता नववं वर्ष.
तेव्हा मिरजोळ्याच्या माझ्या शेडमधून
चार तुकडे टेम्पोत घालून नेले होते.
एका तुकड्यात पाच पायऱ्या, जाळीच्या,
जस्ताचं पाणी दिलेल्या.
बत्तीस बोल्ट, चोवीस नंबरचा पाना,
आणि सुभान, ज्याला उंचीवर चक्कर येते
हे त्यानं मला तिथं पोचल्यावर सांगितलं.

एका ओहोटीत बसवायचं होतं.
पाणी परतायच्या आत सहा तास,
त्यातला एक चहात गेला.

प्रत्येक पायरी सतरा सेंटिमीटर.
मला त्याचा अभिमान होता.
पट्टी लावा, कुठंही लावा, सतरा.
रुकय्या सोलकर डोक्यावर तारलीची पाटी घेऊन
पहिल्यांदा चढली, वर येऊन टेकली, म्हणाली,
"सगल्या सारख्याच रे.
पायाला काय कामच नाय ऱ्हायला."

जुन्या जिन्याची तिसरी पायरी उंच होती,
सातवी मधोमध झिजून वाटीसारखी,
अकरावी हलायची.
पहाटेच्या काळोखात, पाटीखाली मान ताठ,
या बायका पायांनीच वाचत वर यायच्या :
उंच, साधी, साधी, साधी, वाटी.
नवा जिना आल्यावरही वर्षभर
तिसऱ्या पायरीला त्यांचा पाय जास्तीचा उचलला जायचा,
हवेत जरासा थांबायचा,
मग खाली यायचा.
सतरा सेंटिमीटरच्या वरचं ते काहीतरी
माझ्या नकाशात कुठंच नव्हतं.

दर आगोटीला खालचा तुकडा काढावा लागतो,
नाहीतर उधाण घेऊन जाईल.
आठ बोल्ट सोडायचे, दोरीनं वर ओढायचा,
जाळ्यांच्या खोपीत उभा करून ठेवायचा.
नारळी पौर्णिमेला परत जागेवर.
एका वर्षी तो खोपीत नव्हताच.
शोधत गेलो, तर शाळेच्या मागे,
गळक्या कौलांना टेकवलेला.
त्याआधी म्हणे डोर्लेकरांकडे होता,
लेकीच्या लग्नात स्टेजला.
आंब्याची वाळकी पानं अजून जाळीत अडकलेली.
परवानगी कुणी मागितली नव्हती.
मागणार तरी कुणाची?

साहेब म्हणतात, तात्पुरतं असेल तर नऊ वर्षं कशी,
आणि कायमचं असेल तर दरवर्षी काढता कसं?
त्यांचंही बरोबर.
चिऱ्याचा जो होता तो कायमस्वरूपी होता.
कागदावर अजून आहे.

काल यंदाचा खालचा तुकडा काढला.
सुभान वरूनच दोरी धरतो, खाली बघत नाही.
तीन बोल्ट गंजून बसलेले, कापावे लागले.
उलटा केला तर शेवटच्या दोन पायऱ्यांच्या पोटाला
कालवं धरलेली, दाट,
एकाच्या पाठीवर दुसरं,
नऊ महिन्यांचं बिऱ्हाड.
रुकय्या कोयती घेऊन आली,
उकिडवी बसून एकेक फोडत राहिली.
वाटीभर निघाली.
"ह्यांना कुनी सांगितलान नाय वाटतं," म्हणाली,
"काडनार म्हनून."

ती गेल्यावर मी हात फिरवून पाहिला.
जिथं कालवं होती तिथं
पांढरी, नखाएवढी वर्तुळं,
आणि कोयतीनं जस्त खरवडलेलं.
पौर्णिमेच्या आत
तेवढ्याला रंग लावायला हवा.