सहावा तास

ग्रिम्स्बीत मार्चचा वारा बंदरावरून येतो
आणि शाळेच्या खिडक्यांना मासळीचा वास लावून जातो.
गुरुवार. जेवणानंतरचा तास. दहावीचा वर्ग.
फळ्यावर मी लिहिलं : चळवळ कशी सुरू करावी.
खाली पाच पायऱ्या, पुस्तकातून उतरवलेल्या.
विषयही आणले होते मी, चिठ्ठ्यांच्या घड्या घालून,
आयते :
वितळणारे ध्रुव, प्लास्टिक, कुठल्या कुठल्या लढाया.

ऑस्करने चिठ्ठी उघडली. "ध्रुव," म्हणाला, आणि जांभई दिली.

तिसऱ्या बाकावर टॅम्सिन चुळबुळत होती,
गुडघे जुळवून, बाहीचं टोक चावत.
"मिस, जाऊन येऊ?"
"तास संपू दे."
हे मी दिवसातून सहा-सात वेळा म्हणते,
शिंकल्यासारखं.
तासाला संडासांना कुलूप, हा नियम.
किल्ली माझ्या गळ्यातल्या निळ्या पट्ट्याला,
ओळखपत्रावरच्या माझ्याच हसऱ्या फोटोमागे.

तेव्हा इक्रा उठली,
सप्टेंबरपासून हजेरीपलीकडे न बोललेली.
"पहिली पायरी झाली, मिस.
प्रश्न सापडला."

कुणी हसलं नाही.
ऑस्करने ध्रुवांची घडी घातली आणि टेबलावर ठेवली,
दुकानात भाव विचारून वस्तू परत ठेवावी तशी.

मिरजेच्या शाळेत तळपदेबाई ओरडायच्या, "चुळबुळ बंद!"
आणि आम्ही बंद व्हायचो.
दोन उकार काढले, ब चा व केला,
की त्याच शब्दाची चळवळ होते
हे मला इतक्या वर्षांनी, परमुलखात, फळ्याकडे पाठ करून
उभी असताना दिसलं.
आणि सांगायला वर्गात मराठी कुणालाच येत नव्हतं.

पुढचं पुस्तकात नव्हतं.
त्यांनी आधी मोजलं :
अठ्ठावीसपैकी सतराजणी शाळेत पाणीच पीत नाहीत.
मग रोज साडेतीनला
न प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या
मुख्याध्यापकांच्या दाराशी, रांगेत,
प्रत्येकीवर तारीख, केझायाच्या गिचमिड अक्षरात.
घोषणा नाही. नुसतं पाणी.
सोमवारी सफाईवाल्या मॉरीनने ती रांग न हलवता
भोवतीने फडका मारला.

मी म्हटलं, अर्जावर माझीही सही घ्या.
इक्राने माझ्या गळ्याकडे पाहिलं.
"तुमच्याकडे किल्ली आहे, मिस."
एवढंच. उर्मटपणे नाही.
शुद्धलेखन तरी तपासून देते, म्हटलं.
तेही नको होतं त्यांना.

बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं,
"हे कुणी घातलं पोरांच्या डोक्यात?"
सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या,
आणि क्षणभर वाटलं, हो म्हणावं.
छाती फुगलीही होती थोडी.
पण ते खोटं झालं असतं.

आजही बाटल्या आहेत. एकशे बारा.
कुलूपही आहे.
सहाव्या तासाला टॅम्सिनने हात वर केला
आणि काही विचारलं नाही,
नुसता वर ठेवला.
मी पट्टा गळ्यातून काढायला गेले
तर तो केसांत अडकला,
आणि सगळा वर्ग
माझी चुळबुळ बघत बसला.