एक पाऊल मागे

मुकादमसाहेबांनी मैदा पाहिला, साखर पाहिली,
व्हॅनिलाच्या डब्यावरचं बारीक अक्षर
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं
आणि मग विचारलं : हा ब्रश कोणाचा?

ब्रश पेडणेकरमावशींचा.
रे रोडच्या या बेकरीत अकरा वर्षं
त्या त्यानंच ट्रेला डालडा लावतात.
मूठ काळी पडलेली, केस एका बाजूला झिजलेले,
चपलेची टाच झिजते ना, ज्याच्या त्याच्या चालीनं, तसे.

केस कशाचे? साहेबांचा आवाज मऊ.
श्रीवर्धनचे ते; प्रश्नसुद्धा
बशीत घालून पुढे केल्यासारखा विचारतात.

मी स्टोअरकीपर. माझ्याकडे सगळ्याची नोंद.
यीस्ट कधी आलं, कुठल्या टेम्पोतून,
गेटवर किती वाजता, ड्रायव्हरचा मोबाइल.
ब्रशची नोंद एवढीच : ब्रश, नग ६.

आदल्या रविवारी माझगावच्या क्लासात
लोपीससरांनी फळ्यावर दोन बाण काढले होते.
एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे.
माल कुणाकडून आला, कुणाकडे गेला,
एवढं सांगता आलं की साखळी शाबूत.
मी वहीत उतरवलं. खाली दोन रेघा.

तर गेले मागे. लोहार चाळ.
ताई, अकरा वर्षांपूर्वीचं?
तेव्हा दुकान माझ्या साडूचं होतं.
साडू मीरा रोडला. तो म्हणाला, यूपीहून यायचा माल,
गोणीत. गोणीवर नाव असायचं,
पण खताच्या कंपनीचं.
त्याच्यामागे फोन लागत नाही.

साहेबांनी लायटर मागितला.
नायलॉन असेल तर वितळेल, म्हणाले, मणी होईल.
एक केस उपटला, धरला.
मणी झाला नाही.
मावशी लांबूनच म्हणाल्या, हा तर माझा वास,
भट्टीत वाकले की बट जळते त्याचा.

जनावराचा आहे.
कुठल्या, हे वासाला कळत नाही,
म्हणून नको तेच धरून चालायचं.
सगळे ट्रे सात पाण्यांनी धुवा. त्यातलं एक पाणी मातीचं.

मालक माझ्याकडे बघतात, मी साहेबांकडे.
मावशी मात्र पदर खोचून तयार.
आमची आई मातीनंच घासायची की भांडी, वेंगुर्ल्याला.
मग तुम्ही आता नवीन ते काय सांगितलंत?
साहेब पहिल्यांदा मोकळं हसले. म्हणाले, आमचीपण.

पण मुंबईत स्वच्छ माती?
नर्सरीवाल्याच्या मातीत शेणखत,
बिल्डरच्या मातीत कुणाची तरी जुनी भिंत.
शेवटी धारावी, कुंभारवाडा.
नाथाभाई चाकावरून न उठता म्हणाले,
चार किलोत काय घडवणार, बेन?
काही नाही. धुणार.
त्यांनी चाक थांबवलं.
पैसे घेतले, पण पावती लिहिताना
तीनदा विचारलं, कशासाठी लिहू?

पर्चेस ऑर्डर आजही फायलीत आहे :
माती, किलो ४.
मागचा पुरवठादार, या रकान्यात
नाथाभाईंनी सांगितलेलं गाव लिहिलं,
आणि त्याच्यामागचा रकाना
छपाईतच नव्हता, बरं झालं.

सर्टिफिकेट आलं. क्वालालंपूरला पहिला कंटेनर गेला,
खारी, नानकटाई, जिरा बिस्किट,
प्रत्येक खोक्याला माग काढता येईल असा नंबर.
मावशींना सिलिकॉनचा निळा ब्रश मिळाला.
याला धरच नाही, म्हणतात,
आणि हात अजून जुन्या झिजेच्या बाजूला कलतो.

जुन्यापुढे मी लिहिलंय : स्क्रॅप, नग १.
सही माझी.
तो कॉटन ग्रीनला एका दहा बाय दहाच्या खोलीत
शिलाई मशिनच्या दातांमधला कापूस काढतो,
हे मला ठाऊक आहे. पिशवी मीच धरली होती.
अख्ख्या रजिस्टरात हे एकच पुढचं पाऊल
मी लोपीससरांना दाखवणार नाही.