खिडकी, दोन मिलिमीटरची

हे बघ पंकेश, केसाहून बारीक आहे ही
आणि आतून पोकळ.
काचेचीच, पण वरून तपकिरी लेप, म्हणून वाकते;
नाहीतर तुझ्या नुसत्या शिंकेनं तुटली असती.
फक्त इथे, दोन मिलिमीटर, लेप नाही.
जुन्या यंत्राच्या नळीचा मी काडीनं जाळायची,
श्वास धरून, मग स्पिरिटचा बोळा.
एवढ्याच खिडकीतून उजेड आरपार जातो,
एवढ्याच खिडकीतून आपल्याला दिसतं
कोण गेलं.

बाहेर शेहेचाळीस. कूलरची वाळ्याची ताटी
दुपारी दोनलाच खडखडीत.
आत एसी आहे, तो माणसांसाठी नाही, यंत्रासाठी.
मेडिकल चौकातला चहावाला विचारतो,
"म्याडम, दिवसभर काय करून राहिल्या आत?"
रक्त वेगळं करते, म्हणते मी.
"कोणापासून?"

रक्तापासूनच, पंकेश.
पेशी फोडायच्या, त्यांचं लाल पाणी होतं,
त्यातला थेंबाचाही कण नळीच्या तोंडाशी,
मग नऊ-दहा हजार व्होल्ट.
आता ऐक, हे पुस्तकात आहे पण तिथे कळत नाही:
त्या सगळ्यांना मागे जायचं असतं.
जीव मागच्याच टोकात अडकलेला.
पण नळीतलं पाणीच पुढे निघालेलं,
भिंतीला धरून, अख्खं,
म्हणून मागे ओढणारेही पुढेच पोचतात.
ज्याची ओढ कमी, तो आधी.
सिकलवाला असा आधी येतो.
साखळीत सहाव्या जागी एक मणी बदललेला,
एवढ्यानं ओढ कमी.
एवढ्यानंच.

आमचा चरणदास चौदाव्या वर्षी गेला.
इंदोऱ्यात, डिसेंबरात. गुडघे धरून ओरडायचा
आणि अख्खी गल्ली म्हणायची, वात आहे, तेल चोळा.
मी चोळलं.
माझे हात तेव्हा नऊ वर्षांचे होते.

काल नंबर एकोणसत्तर आणि सत्तर.
नावं झाकलेली असतात, तरी मी ओळखलं,
बाकावर एकाच मोबाईलमध्ये
कामठी रोडवरच्या हॉलचे फोटो बघत होते.
दोघांच्याही आलेखात दोन-दोन शिखरं,
एक उंच, एक त्याच्या शेजारी बुटकं.
एकेकटे ठणठणीत दोघंही.
समुपदेशक रजेवर. मीच बसले समोर,
कागदावर चार चौकोन काढले,
एकात रेघा भरल्या.
पोरगी बराच वेळ कागद बघत होती.
"हाव, पण चारात एक म्हणजे
तीन बरोबर ना?"
मी हो म्हणाले.
गणित बरोबरच होतं.
पोरगा काही बोलला नाही, पाण्याची बाटली
उघडत होता, बंद करत होता.
मग तो कागद तिनं घडी करून
आधार कार्डाच्या मागे ठेवला.

आता नळी धुऊन घे.
आधी कॉस्टिक, मग पाणी, मग बफर.
घाई नको. भिंतीला काही राहून गेलं
तर पुढच्याच्या आलेखात मागच्याची सावली पडते.
सगळं नीट धुतल्यावरही मला कधीकधी
सकाळच्या पहिल्या रिकाम्या धावेत,
जिथे नुसतं पाणी असतं,
सरळ रेघेत एक बारीक थरथर दिसते.
व्होल्टेज असेल. उन्हाळ्यात लाइनीचं असंच असतं बाप्पा.
तरी नोंदवून ठेव.
वेळ लिही.