जवसाचं तेल

चित्र कुठल्याशा थंड देशातलं, नाव सरांनाही आठवेना.
जुन्या मासिकातून कापलेलं, कडेला चहाचा डाग.
जेवणाच्या टेबलावर उभं एक जांभळं जनावर,
पाच गुडघे, पोटात उघडी खिडकी,
खिडकीत एक माणूस स्वतःचाच हात विसळतोय
आणि वर आभाळ, पित्त उलटल्यासारखं हिरवं.

"हेच काढा," रामटेके सर म्हणाले.
"सुंदर काढाले जाल तं खोटं बोलाल.
याच्यात खोट्याले जागाच नाही."

पवनीच्या राईस मिलमध्ये मी दिवसभर पोती मोजतो.
त्यातलंच एक बारदान उसवलं,
सरस न् खडू फासून चौकटीवर ताणलं.
नळ्या नागपूरहून आल्या, सहाच.
तेल तिसऱ्या दिवशी संपलं,
म्हणून गेलो जयवंताबाई साठवणेच्या घाण्यावर.
"जवसाचं? खायाले का दिव्याले?"
रंगात घालायला, म्हटलं.
तिनं पावशेर मोजलं, वर चमचाभर जास्त ओतलं,
वेड्या माणसाला देतात तसं.

आधी पातळ, मग जाड.
एवढं एकच शास्त्र मला कळलं,
तेही एक आभाळ तडकल्यावर.
जांभळा म्हणून कालवला
तो वांग्याच्या भरताकडे गेला.
पाचवा गुडघा जमला. पहिले चार नाही.
डोळे तीन रात्री काढले, तीन रात्री पुसले,
शेवटी चिंधीनं एक आडवा फराटा ओढला
न् झोपलो.

घाण्याचं तेल लवकर वाळत नाही.
अठरा दिवस झाले, चित्र ओलंच,
घरभर जवसाच्या चटणीचा वास.
मिलमधला कोंडा माझ्याच कपड्यांवरून येऊन
आभाळात चिकटला.
आधी चिमट्यानं एकेक वेचला. मग राहू दिला.

बाटली परत न्यायला जयवंताबाई आली.
खिडकी पाहिली नाही, माणूस पाहिला नाही,
फराट्यापाशी थांबली.
"याले झापड कोनं बांधली?"

मोटर बसवली त्या साली
तिनं घाण्याचा बैल विकला होता.
"आमचा चांद्या असाच उभा राहे,
जुपला नसला तरी,
एक पाय उचलून."
मग पाचव्या गुडघ्यावर बोट ठेवून,
"हा बराबर हाये."

जांभळा बोटाला आला.
पदराला पुसला नाही तिनं,
तसाच घेऊन गेली.

सर म्हणतात, डोळे पुरे करा, मूळ चित्रात आहेत.
आहेत खरे. दोन, पिवळे.
ब्रश तेलात बुडवून बसलोय.
झापड अजून ओली आहे,
काढायची तर आजच निघेल.