नळी क्रमांक एकशे बारा

फैजपूरची हेमांगी बोरोले बाही वर सरकवते:
"दिसीन का यात?"

सतरा वर्षं दर महिन्याला
गरम विटेनं शेकलेलं पोट.
पाच सोनोग्राफ्या, पाचही 'नॉर्मल'.
दुर्बिणीच्या ऑपरेशनला आधी पैसे नव्हते,
मग धीर.

मी नळी आठदा उलटीसुलटी करते.
मशीन थांबतं. लाल खाली बसतं,
वर पिवळसर पाणी.
त्यातलं कुठलं प्रथिन तिची साक्ष देईल,
अजून कोणालाच ठाऊक नाही;
म्हणून तर रक्त घेतोय.

तसंच सांगितलं.
ती कापूस दाबत म्हणाली,
"केयीचा चीक बी पाण्यावानीच दिसतो, ताई.
डाग दुसऱ्या दिवशी बोलतो."

नळीवर नाव लिहायचं नसतं.
मी एकशे बारा लिहिते,
जरा दाबून.