विसर्ग

सव्वादहाला टर्मिनल उघडलं
तर काल जिथं डॉलर होता
तिथं टक्क्याची खूण.
'तोल' लिहिलं, एंटर दाबलं.
कमांड नॉट फाउंड.

अकराला राजापुरी हळदीचे सौदे.
सांगलीच्या यार्डात थप्प्या लागलेल्या,
कुणाची तरी गाडी काढा म्हणून भोंग्यावर ओरडा,
आणि आत मी, त्रिशला चौगुले, आडत दुकानाची दिवाणजी,
त्या एका ओळीपुढं
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरीसारखी.

तोल मगदूम सरांनी लिहिलेला.
काट्यावरून वजन उचलतो, बारदान वजा करतो,
हमाली, तोलाई मांडून पावती काढतो.
सर आता निपाणीला, लेकीकडं.
जाताना म्हणाले होते, चालतंय तोवर हात लावू नकोस.
मी नव्हताच लावला.
लॅपटॉपनं रात्रीत आपणहून कात टाकली,
बॅश गेला, झेडशेल आला,
त्याला सरांची वही कुठं ठेवलीय ते माहीतच नाही.

सेटिंगमध्ये दोन गोल.
एक: डिफॉल्ट लॉगिन शेल.
दुसरा: ही आज्ञा चालवा, पूर्ण पत्ता द्या.
मी दुसरा निवडला, बॅशचा पत्ता भरला.
डॉलर आला. तोल नाही आला.
मग उमगलं,
पुढच्या दारानं येणारा पायावर पाणी घेतो,
उंबऱ्याशी ठेवलेली प्रोफाइल वाचतो,
कोण कुठं सापडेल ते विचारून मग आत येतो.
याला मी मागच्या दारानं आणलेलं.
तो सरळ चुलीपुढं जाऊन बसला
आणि घरातलं एक नाव त्याला ठाऊक नव्हतं.

परत पहिला गोल.
नव्या शेलला नवी फाइल,
तिच्यात पाथ मी हातानं लिहिला, घाईघाईत.
दहा एक्केचाळीस.
खिडकी बंद केली, उघडली.
आता तोल तर नाहीच,
साधं एलएससुद्धा ओळख देईना.

फक्त एको बोलत होतं.
ते शेलच्या पोटातच असतं, त्याला रस्ता लागत नाही.
एको डॉलर पाथ, दाखव बाबा.
त्यानं दाखवलं
एकच लांबलचक गाव,
सांगलीमिरजकुपवाड एका दमात म्हटल्यासारखं,
मध्ये थांबा नाही.
कोलन एकही उमटला नव्हता.

शाळेत दुःखातला विसर्ग मी कायम खायचे.
उपाध्ये बाई तांबड्या शाईनं दोन टिंबं द्यायच्या
आणि अर्धा गुण कापायच्या.

दस्तगीर आत आला, पावत्या कुठवर आल्या बघायला.
"बटणच मेलंय," मी म्हटलं.
तो वाकला. "मेलंय कुटं, हळद खाल्लीया त्येनं."
पोती शिवायचं दाभण काढलं
आणि कळीच्या कडेनं अलगद सारलं.
टक्.
खाली पिवळा थर, ओल धरून घट्ट बसलेला,
किती हंगामांचा कोण जाणे,
थोडा सरांच्या बोटांचाही असेल.
त्यानं फुंकर मारली. मला शिंक आली.

मग एकेक पत्ता सोडवला.
दोन टिंबं, पुढचा पत्ता, दोन टिंबं.
"आदी कुटं बगतंय ह्ये?"
पहिल्या पत्त्यावर. तिथं सापडलं की पुढं जात नाही.
"मग आपलं दुकान आदी लिवा की."
लिहिलं.

दहा अठ्ठावन्न. तोल.
प्रिंटर खरखरला,
पावती नंबर एक, पोती चौदा.

टक्का तसाच आहे. असू दे.
सरांना फोन केला, सगळं सांगितलं,
ते म्हणाले, कुठला तोल? अगं, जेवलीस का?

कळ अजून सैल आहे,
कोलन कधीकधी दोनदा उमटतो.
दोन कोलनांच्या मधल्या रिकाम्यालाही
शेल पत्ताच समजतो:
आत्ता जिथं उभी आहेस, तिथंच बघ.
हे धोक्याचं असतं म्हणे.
खोडायला हवं.
सौदे संपले की.